विकिपीडियाचे नियम कोण ठरवते?

इंग्रजी विकिपीडियावर पुण्याचे पान उघडले की पहिल्याच ओळीत काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. शहराचे नाव रोमन लिपीत आहे, मराठी उच्चार ध्वनिचिन्हांत दिला आहे, पण ‘पुणे’ ही देवनागरी अक्षरे तिथे नाहीत. मुंबईच्या पानावर तेच. टोकियोच्या पानावर मात्र जपानी अक्षरे दिसतात, मॉस्कोच्या पानावर रशियन. मराठी वाचकाला हे लागते. कुणीतरी उत्साहाने ती अक्षरे घालून येतो आणि काही वेळाने ती पुसलेली सापडतात. पुसणाऱ्यांत भारतीय संपादकही असतात. मग संताप होतो, आणि विकिपीडियाच्या ‘कचेरीत’ कुणीतरी आपल्या भाषेच्या विरोधात बसले आहे, असा समज पक्का होतो.

अशी कचेरी नाही. त्या ओळीतून भारतीय लिप्या गेल्या त्या २०१२ साली झालेल्या एका जाहीर चर्चेतून. भारतविषयक लेखांवर काम करणारे संपादक ज्या पानावर एकमेकांशी बोलतात, तिथे ती झाली. प्रश्न साधा होता. एखाद्या नदीचे, नटाचे, सीमेवरच्या शहराचे नाव किती भारतीय लिप्यांत द्यायचे आणि कोणती लिपी आधी? रोज कुणीतरी नवी लिपी जोडत होते, दुसरा तिचा क्रम बदलत होता, तिसरा ती काढत होता. अनेकदा लिहिलेले नाव चुकीचे असे आणि ती लिपी न येणाऱ्याला चूक कळत नसे. कधी नावाच्या जागी शिवी घातलेली असली तरी ती तशीच राहून जाई. शेवटी ठरले की भारतविषयक लेखांच्या प्रास्ताविकात भारतीय लिप्या नकोत, उच्चार द्यावा. नंतर माहितीचौकटीलाही हाच नियम लागू झाला. लेख एखाद्या लिपीवर, भाषेवर किंवा त्या लिपीतल्या मूळ ग्रंथावर असेल तर सूट.

मला हा निर्णय पटत नाही. ज्या शहराची एकच राजभाषा आहे, तिथे वादाला जागा कमी होती आणि सरसकट बंदीने त्या शहरांवर अन्याय झाला, असे माझे मत आहे. पण निर्णय कसा झाला, कोणी काय म्हटले, विरोधात कोण होते, हे सगळे आजही शब्द न् शब्द वाचता येते. आपल्याकडच्या किती नियमांबद्दल असे म्हणता येईल? महापालिकेने एखाद्या रस्त्याचे नाव का बदलले, विद्यापीठाने एखादा पेपर का काढून टाकला, याची अशी नोंद सामान्य माणसाच्या हाती लागत नाही.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी तो सुरू केला, पण ज्या तंत्रावर तो उभा आहे ते वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने १९९५ मध्येच तयार केले होते: कुणीही पान बदलू शकेल. सुरुवातीला नियम नव्हतेच म्हणायला हरकत नाही. सँगर यांनी मांडलेल्या पहिल्या काही नियमांत एक होता नियम बाजूला ठेवण्याचाच; आजच्या रूपात तो सांगतो की, नियम जर विश्वकोश सुधारण्याच्या आड येत असेल तर तो बाजूला ठेवा. तो आजही अधिकृत धोरणांत आहे, आणि माणसे तो वाटेल तसा वापरतात असेही नाही. ज्याला नियम मोडायचा आहे त्याला कारण लिहावे लागते, आणि कारण पटले नाही तर बदल परत फिरतो.

बरेच नियम एखाद्या जखमेनंतर आले. अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सायगेंथॉलर यांच्या चरित्रात २००५ च्या मे महिन्यात एका अनामिकाने लिहून ठेवले की केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. ही धादांत खोटी गोष्ट चार महिने पानावर राहिली. नोव्हेंबरात सायगेंथॉलर यांनी ‘यूएसए टुडे’त लेख लिहून हे उघड केले. डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियावर खाते न काढता नवा लेख सुरू करण्याची सोय बंद झाली, आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळे, कडक धोरण आकाराला आले: वादग्रस्त विधानाला भक्कम संदर्भ नसेल तर ते चर्चेची वाट न पाहता काढायचे.

आता नियम बदलण्याची रीत. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी जी पाने आहेत, त्यांना मराठी विकिपीडियावर चावडी म्हणतात. कच्ची कल्पना एका चावडीवर, पक्का प्रस्ताव दुसरीवर, धोरणातला बदल तिसरीवर. प्रस्ताव मोठा असेल तर त्याला ‘अभिप्रायाची मागणी’ अशी खूण लावतात. ती खूण लागली की त्या विषयात रस असलेल्या, पण त्या पानावर कधी न फिरकलेल्या संपादकांनाही सूचना जाते. चर्चा साधारण तीस दिवस चालते. प्रत्येक जण ठळक अक्षरांत ‘पाठिंबा’ किंवा ‘विरोध’ लिहितो, पुढे कारण लिहितो आणि शेवटी चार टिल्डे टाकतो. त्यातून त्याचे सदस्यनाव आणि वेळ आपोआप उमटते. आपल्या बाजूच्या ओळखीच्या लोकांना निवडून बोलावून आणणे निषिद्ध आहे. एका माणसाने दोन खात्यांतून बोलणे हा तर मोठा गुन्हा. पकडले गेले तर खाते बंद होते आणि त्याने लिहिलेली कारणे खोडली जातात.

चर्चा संपली की वादात भाग न घेतलेला एखादा अनुभवी संपादक ती सगळी वाचतो आणि निवाडा लिहितो. त्याने हात मोजायचे नसतात. कोणत्या बाजूचे मुद्दे आधीच्या धोरणांना धरून आहेत, कोणत्या मुद्द्याला उत्तरच मिळाले नाही, कोणते मत नुसतेच ‘मला आवडत नाही’ या पातळीवर आहे, हे त्याने पाहायचे. साठ जणांनी कारणाशिवाय पाठिंबा दिला आणि चाळीस जणांनी पुराव्यानिशी विरोध केला, तर प्रस्ताव पडू शकतो. सहमती झाली नाही असा निवाडा आला तर आधीची स्थिती कायम राहते. निवाडा चुकला असे वाटणाऱ्याला दुसऱ्या पानावर दाद मागता येते. प्रश्न फार नाजूक असेल तर निवाड्याला एकापेक्षा जास्त माणसे बसतात. ब्रिटनमधले ‘डेली मेल’ हे वृत्तपत्र संदर्भ म्हणून सर्वसाधारणपणे विश्वासार्ह नाही, असे फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरले, त्याचा निवाडा पाच जणांनी मिळून लिहिला होता.

खरीखुरी मोजणी होते ती माणसे निवडताना. इंग्रजी विकिपीडियावर प्रचालक, म्हणजे लेख काढण्याचे आणि खाती बंद करण्याचे अधिकार असलेला संपादक, व्हायचे तर सात दिवस उघड प्रश्नोत्तरे होतात. ७५ टक्क्यांच्या वर पाठिंबा असेल तर बहुधा निवड होते, ६५ ते ७५ च्या मध्ये प्रचालकपद देणारे स्वीकृती अधिकारी ठरवतात. ही सात दिवसांची झडती इतकी जिव्हारी लागू लागली की चांगले लोक उभे राहीनासे झाले. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये गुप्त मतदानाने निवडणूक घेऊन पाहिली गेली, आणि पुढे ती पद्धत कायम झाली. संपादकांमधले वाद सोडवणाऱ्या लवाद समितीची निवडणूक तर २००९ पासूनच गुप्त मतदानाने होते. सगळ्या भाषांवर परिणाम करणारा प्रश्न असेल तेव्हाही मते मोजली जातात. विकिपीडियातला मजकूर कोणत्या परवान्याखाली वापरू द्यायचा, यावर २००९ मध्ये मतदान झाले. किमान २५ संपादने केलेल्यांना हक्क होता, सतरा हजारांहून जास्त मते पडली, सुमारे तीन चतुर्थांश बाजूने. आज शाळेच्या पुस्तकात विकिपीडियावरचा मजकूर श्रेय देऊन छापता येतो, त्यामागे तो परवाना आहे.

पण समूहाने ठरवले आणि झाले, इतके हे सरळ नाही. सर्व्हर, पैसा आणि प्रोग्रामर विकिमीडिया फाउंडेशनकडे आहेत. ही अमेरिकेतली ना-नफा संस्था २००३ मध्ये स्थापन झाली. तिचे आणि संपादकांचे नाते समजून घ्यायचे तर एका प्रस्तावाची सात वर्षांची कहाणी पाहिली पाहिजे.

२०११ मध्ये इंग्रजी विकिपीडियाचे संपादक नव्या लेखांच्या लोंढ्याने दमले होते. कुणीही खाते काढी आणि पाचव्या मिनिटाला आपल्या बँडवर, दुकानावर, मित्रावर लेख टाकी. नवे लेख तपासणारे मूठभर लोक ते वाचत, काढत, आणि काढल्याबद्दल शिव्या खात. प्रस्ताव आला की खाते चार दिवस जुने आणि किमान दहा संपादने झालेली असल्याशिवाय थेट नवा लेख करता येऊ नये. काही महिने प्रयोग करून पाहू. शेकडो संपादक बोलले. पाठिंबा स्पष्ट होता, निवाडाही तसाच आला. मग हा बदल करायला फाउंडेशनच्या तंत्रज्ञांकडे अर्ज गेला, आणि तिथे तो नाकारला गेला. कारण दिले गेले ते असे: विकिपीडिया सर्वांसाठी खुला असणे हा त्याचा पाया आहे, आणि २००७ नंतर संपादकांची संख्या आधीच घटते आहे. दारात आणखी एक अडसर घातला तर नवे लोक येणारच नाहीत.

दोन्ही बाजूंना तळमळ होती. एक बाजू आत राबणाऱ्यांची होती, दुसरी अजून न आलेल्यांची. आत राबणाऱ्यांना मात्र हे फार लागले. इतक्या लोकांनी महिनाभर बसून ठरवलेले एका नोंदीत फेटाळले गेले, ही सल वर्षानुवर्षे राहिली, जुन्या चर्चांमध्ये ती पुन्हा पुन्हा वर येते. अखेर १४ सप्टेंबर २०१७ ते १४ मार्च २०१८ असे सहा महिने प्रयोग झाला आणि फाउंडेशनच्याच संशोधकांनी तो मोजला. लगेच काढून टाकावे लागणारे लेख कमी झाले; नवे सदस्य टिकण्याच्या प्रमाणावर ठळक वाईट परिणाम दिसला नाही. मग पुन्हा चर्चा, पुन्हा निवाडा, आणि एप्रिल २०१८ मध्ये नियम कायम झाला. पहिल्याच वेळी प्रयोग होऊ दिला असता तर सहा वर्षांचा कडवटपणा वाचला असता, असे मला वाटते. समूहाने मागितले होते ते तेवढेच, एक प्रयोग.

जर्मनीत प्रकरण याहून पुढे गेले. जर्मन विकिपीडियावर मतदानाची रीत अधिक काटेकोर आहे. ठरावीक संपादने आणि ठरावीक काळ भरल्याशिवाय मत देता येत नाही. २०१४ मध्ये चित्रे पाहण्याची नवी सोय फाउंडेशनने सुरू केली, तेव्हा जर्मन संपादकांनी रीतसर मतदान करून ती आपोआप सुरू राहू नये असे ठरवले. तिथल्या एका प्रचालकाने एक तांत्रिक पान बदलून ती बंद केली. त्यावर फाउंडेशनने ऑगस्टमध्ये ते पान असे कुलूपबंद केले की प्रचालकांनाही हात लावता येईना. जगभरच्या संपादकांनी निषेध केला. नोव्हेंबर २०१५ मध्ये अशा कुलपाची सोयच कायमची काढून टाकली गेली. खुद्द जिमी वेल्स यांनाही हा धडा त्याआधी मिळाला होता. मे २०१० मध्ये त्यांनी विकिमीडिया कॉमन्स या सामायिक चित्रसाठ्यातली अश्लील वाटणारी चित्रे चर्चेविना काढली, समूह खवळला आणि त्यांनी आपले बरेचसे विशेष अधिकार स्वतःहून सोडले.

समूहाची ताकद सर्वांत जास्त दिसली ती १८ जानेवारी २०१२ रोजी. अमेरिकी संसदेपुढे आलेल्या दोन विधेयकांच्या निषेधार्थ इंग्रजी विकिपीडिया चोवीस तास बंद राहिला. तो निर्णय कोणा अध्यक्षाने घेतलेला नव्हता. तीन दिवसांच्या चर्चेत अठराशेंहून अधिक संपादक बोलले, त्यातून तो झाला.

आणि हरलेले डावही आहेत. सगळ्या विकिमीडिया प्रकल्पांना मिळून एक सनद असावी यासाठी काही वर्षे काम झाले. जून-जुलै २०२४ मध्ये तिच्यावर मतदान झाले. मत देणाऱ्या संपादकांतल्या बहुमताने ती मान्य केली, संलग्न संस्थांनीही केली; फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने नाकारली. सनद तिथेच थांबली.

ताजा प्रश्न यंत्राने लिहिलेल्या मजकुराचा. चॅटबॉटकडून लेख लिहून घेऊन न वाचताच चिकटवण्याचे प्रकार वाढले. काहींत तर यंत्राने वापरणाऱ्याला उद्देशून लिहिलेली वाक्येही तशीच राहिलेली असतात, आणि संदर्भ म्हणून दिलेली पुस्तके अस्तित्वातच नसतात. एरवी लेख काढायचा तर आठवडाभर चर्चा चालते. यंत्र जे मिनिटात करते, ते निस्तरायला माणसांनी आठवडा द्यायचा का? ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने असे उघड पुरावे असलेले लेख तातडीने काढण्याचा नियम स्वीकारला. तो मुद्दाम अरुंद ठेवला आहे. ‘यंत्राने लिहिल्यासारखे वाटते’ एवढे कारण पुरत नाही, कोणीही नजर न फिरवल्याची खूण दाखवावी लागते. नियम असा बेताचा असावा हे मला महत्त्वाचे वाटते.

या पद्धतीत एक खोट आहे, आणि ती लहान नाही. ज्याच्याकडे वेळ आहे त्याचा आवाज इथे जास्त ऐकू येतो. तीस दिवस रोज येऊन उत्तरे देणारा माणूस निवाड्यावर ठसा उमटवतो. नोकरी, घर, लेकरे सांभाळून आठवड्यात एकदा डोकावणारी बाई एक ओळ लिहून जाते. मोठ्या भाषांमध्ये माणसे इतकी असतात की एकाचा अतिरेक दुसरा थोपवतो. लहान भाषांमध्ये मात्र हा दोष जीवघेणा ठरू शकतो. क्रोएशियन विकिपीडियावर ते घडले. मोजक्या प्रचालकांचा एक गट तिथे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला, दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिस्ट राजवटीबद्दलचे लेख वळवत राहिला आणि विरोध करणाऱ्यांना बाहेर काढत राहिला. २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो विकिपीडिया वापरू नका, असे जाहीरपणे सांगितले. तरी कोंडी फुटायला २०२० उजाडले. नंतर उघड झाले की एकाच माणसाने अनेक खाती चालवून चर्चा आणि मतदाने आपल्या बाजूला झुकवली होती. नियम कागदावर तिथेही सगळे होते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज लेख लाखाच्या घरात आहेत. चावडी आहे, तिच्यात ‘ध्येय आणि धोरणे’ असे वेगळे पान आहे, प्रचालक निवडीसाठी आणि इतर प्रश्नांसाठी कौल घेण्याची रीत आहे. नाही ती माणसे. कौलाला मते पडतात ती बहुतेकदा मोजक्याच जणांची. धोरणांची पुष्कळशी पाने इंग्रजीवरून आणलेली, काही अर्धीच अनुवादित. वास्तविक मराठीला स्वतःचे ठरवण्यासारखे खूप आहे. एखाद्या तमाशा कलावंताची किंवा गावच्या शाहिराची दखल घेणारा मजकूर जिल्हा वृत्तपत्रांत आणि स्मरणिकांत असतो, इंटरनेटवर नसतो; मग त्याची उल्लेखनीयता कशी ठरवायची? परदेशी गावांची नावे कोणत्या उच्चाराने लिहायची? लेखांच्या शीर्षकात ‘महाराज’, ‘डॉ.’, ‘संत’ कधी ठेवायचे? शेजारच्या कोकणी विकिपीडियाने तर २०१५ मध्ये सुरू होतानाच देवनागरी, रोमी आणि कन्नड या लिप्या एका छताखाली नांदवण्याचा अवघड प्रश्न अंगावर घेतला.

शिवाय छोट्या विकिपीडियाला आपल्या सेटिंगमध्ये लहानसा बदल हवा असेल तरी तंत्रज्ञ आधी विचारतात: स्थानिक चर्चेचा दुवा कुठे आहे? चर्चा झालेली नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. कौलाला पुरेशी मते नसतील तर प्रचालकपदही काही महिन्यांपुरतेच मिळू शकते. गर्दी नसण्याची किंमत अशी मोजावी लागते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटाच्या दिवसांत संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातील मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने फाउंडेशनला नोटीस पाठवली, काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. त्या मजकुराचा वाद हा या लेखाचा विषय नाही. पण लोकांचा राग त्या दिवसांत जिथे गेला, ती निर्णयाची जागा नव्हती. लेखात काय राहावे, कोणता इतिहासकार ग्राह्य धरावा, हे त्या लेखाच्या चर्चापानावर आणि संदर्भांच्या चावडीवर ठरते. शिवाजी महाराजांच्या इंग्रजी लेखाचे शीर्षक नुसते ‘शिवाजी’ का, असे विचारणारे लोकही वारंवार येतात. त्यांच्या भावना खऱ्या आहेत. मात्र नुसत्या मागणीने शीर्षक बदलत नाही. आदरार्थी शब्द शीर्षकात नकोत हा सर्वांना लागू असलेला नियम आहे. त्याच विकिपीडियावर ‘महात्मा गांधी’ हे शीर्षक आहे, कारण इंग्रजीतल्या विश्वसनीय साधनांत तेच नाव सर्वाधिक वापरात असल्याचे दाखवता आले. दार आहे ते पुराव्याचे. ज्याला बदल हवा त्याने पुस्तके, शोधनिबंध, वृत्तपत्रे चाळून तसा पुरावा उभा करावा, किंवा शैलीच्या नियमाच्या पानावर जाऊन नियमच बदलण्याचा प्रस्ताव मांडावा. पुण्याच्या पानावरच्या देवनागरीचेही तेच. एकच राजभाषा असलेल्या राज्यांतल्या गावांना सूट द्या, असा नेटका प्रस्ताव कुणीही आणू शकतो.

पण इंग्रजीच्या आधी घरचे काम. ज्यांना मराठी लिहिता येते आणि आठवड्यातून अर्धा तास काढता येतो, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत मराठी विकिपीडियावर खाते काढावे, चावडीवरचे ‘ध्येय आणि धोरणे’ हे पान उघडावे, एखादी अर्धवट राहिलेली चर्चा शेवटपर्यंत वाचावी आणि तिच्याखाली आपले मत, कारणासह, लिहून चार टिल्डे टाकावेत.